बावटा आणि आगोट

कोकणच्या बंदरपट्टीत 'तीन नंबरचा बावटा लागला' एवढे म्हटले की पुढे काही समजावून सांगावे लागत नाही. निघायच्या बेतात असलेल्या होड्या थांबतात आणि आधीच बाहेर गेलेल्यांची घरे समुद्राकडे डोळे लावून बसतात. बावटा म्हणजे निशाण, पण बंदराच्या काठीवर प्रत्यक्षात चढतात ते दिवसा शंकू आणि नळकांड्यांचे आकार, रात्री तांबडे-पांढरे दिवे. ही लिपी एकोणिसाव्या शतकातली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या तुफानात साठ हजारांच्या आसपास माणसे गेली, आणि महिना उलटतो न उलटतो तोच मछलीपट्टणावर दुसरे तुफान कोसळले. १८६५ मध्ये कलकत्ता बंदराला वादळाचे इशारे मिळू लागले, १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली हिंदुस्थानचे हवामान खाते उभे राहिले आणि १८८० च्या सुमारास मुंबईसह पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांनाही ही सोय झाली. (१८८२ च्या जूनमध्ये मुंबईवर तुफान येऊन लाखभर माणसे दगावली, असे वादळांच्या अनेक याद्यांत छापलेले असते. त्या काळच्या मुंबईच्या नोंदींत या घटनेचा मागमूस नाही, म्हणून मी ती धरत नाही.) बावट्याचे पहिले दोन क्रमांक दूर समुद्रातल्या वादळाचे, तीन-चार खुद्द बंदरावरच्या खराब हवेचे, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे. अकरावा मात्र निराळा आहे. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि आता बंदरावरच्या अधिकाऱ्याला हवा बिघडण्याची धास्ती वाटते आहे, असा त्याचा अर्थ.

ही लिपी कोणासाठी केली होती, ते विसरून चालणार नाही. ती जहाजाच्या कप्तानासाठी होती, तांडेलासाठी होती. हातात सुकाणू असलेला, खुणेचा अर्थ जाणणारा, आणि कळताच नाव वळवू शकणारा माणूस तिच्यासमोर होता. पुढच्या दीडशे वर्षांत निरोप काठीवरून तारेत गेला, तारेतून रेडिओत, तिथून टीव्हीत आणि मोबाइलमध्ये. आज पहिली सूचना ७२ तास आधी निघते, मग ४८, मग २४, आणि जमिनीवर आल्यानंतरचा अंदाज १२ तास आधी. पिवळा, नारिंगी, लाल असे रंग त्याला लावलेले असतात. निरोप दर पिढीत अधिक अचूक झाला, अधिक लवकर पोहोचू लागला. त्याच्या मुळाशी असलेल्या तीन गोष्टी मात्र तशाच राहिल्या: ऐकणाऱ्याला तो समजेल, समजलेले ध्यानात राहील, आणि ध्यानात ठेवून तो हालचाल करील. किनाऱ्यालगतच्या ज्या घरात दोनच म्हातारी माणसे राहतात आणि त्यांतल्या एकाला स्मृतिभ्रंश आहे, तिथे या तिन्ही गोष्टी एकाच्या बाबतीत लटक्या पडतात आणि त्यांचा सगळा भार दुसऱ्यावर येतो. बावट्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात तयारीची दुसरी एक रीत होती. ती निरोपावर चालत नसे, पंचांगावर चाले. तिचे नाव आगोट. ती मागे पडली आणि अशा घरांना पेलवेल असा तयारीचा प्रकारच गावातून गेला, असे माझे म्हणणे आहे. ते कशाच्या आधारावर, हे या लेखात मांडतो.

आगोट म्हणजे पावसाळा तोंडावर आल्याचे दिवस, आणि त्या दिवसांत उरकायची कामेही. रोहिणी नक्षत्र मेच्या पंचवीस तारखेच्या आसपास लागते, मृग जूनच्या सातला किंवा आठला. मिरगाच्या आत घर आवळून झाले पाहिजे हा दंडक. कामाला सुरुवात मात्र महिना-दीड महिना आधी, भर उन्हात व्हायची. नळीची कौले चाळायची, म्हणजे एकेक उतरवून, फुटके बाजूला काढून, खालचे वासे आणि रिपा किडल्या आहेत का ते पाहून पुन्हा बसवायची. ज्यांचे घर गवताचे त्यांनी ते नव्याने शाकारायचे. झावळ्या पाण्यात भिजत घालून झाप विणायचे आणि ज्या बाजूने वावझड मारते त्या बाजूच्या पडवीला ते बांधायचे. लाकूडफाटा फोडून माळ्यावर रचायचा, शेणी वाळवून झाकून ठेवायच्या, गुरांसाठी पेंढा, भातासाठी शेणाने लिंपलेली कणगी. मीठ, मिरची, आमसुले, आंब्या-फणसाची साठे, पापड, सांडगे. दर्याकाठच्या घरांत सोडे, सुकट, बोंबील. माडावरचे सुके नारळ आणि लोंबत्या झावळ्या उतरवायच्या, कारण वाऱ्यात तेच आधी डोक्यात पडतात. परसातले पाणी वाहून जायची वाट मोकळी करायची, इरली नीट करायची. कोळीवाड्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जात आणि दर्या नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. आज राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला जी बंदी असते, तिला माशांच्या विणीचे कारण दिले जाते आणि ते खरेच आहे. पण कोळ्यांचा दर्या तिच्या कितीतरी आधीपासून या दिवसांत मिटत आला होता.

या खटाटोपाचे कारण अगदी व्यवहारी होते. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटी उघडिपीच्या हंगामातच चालत; पावसाळा आला की बोट बंद. खाड्यांवर पूल नव्हते. कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली ती थेट २६ जानेवारी १९९८ रोजी. आगबोटींच्या काळात कितीतरी गावे चातुर्मासाचा मोठा भाग स्वतःच्या साठ्यावर काढत. त्यातही घरातला कर्ता पुरुष मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतसुद्धा दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या आकड्याच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांची मनिऑर्डर उभी आहे. म्हणजे आगोट करणारे हात बहुतेक करून मागे राहिलेल्यांचे होते: बायकांचे, म्हाताऱ्यांचे, पोरांचे. चाकरमानी मे महिन्यात येऊन गेला तर छपरावर चढायचा, नाहीतर वाडीतले लोक सावडीने एकमेकांची घरे करून देत. मला हे फार महत्त्वाचे वाटते. या तयारीचे असे तुकडे पाडलेले होते की एकट्या पडलेल्या बाईला ते एकेक करून उचलता यावेत. आज झाप, उद्या शेणी, परवा मीठ. कुठलेही एक काम एका दिवसात प्राण कंठाशी आणणारे नव्हते, आणि एक दिवस नवऱ्याच्या तापात किंवा गुराच्या आजारात गेला तरी पुढचे तीस दिवस हाताशी होते.

आता त्या घरातल्या आजाराकडे वळू. मराठीत 'म्हातारचळ' हा शब्द जुना आहे आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हणही. दोन्ही शब्दप्रयोग या अवस्थेला वयात बसवतात, आजारात नाही. अलॉइस अल्झायमर यांनी जर्मनीत आपल्या रुग्णाविषयी पहिले व्याख्यान दिले ते १९०६ मध्ये. भारतात या आजारासाठी वाहिलेली राष्ट्रीय संस्था कोचीनला सुरू व्हायला १९९२ उजाडले. मधल्या काळात आपल्या गावांतली अशी माणसे निदानाविना, औषधाविना जगली. पण त्यांच्याभोवती जे जीवन होते त्यात एक गोष्ट आपसूक जमून आली होती. या आजारात आधी जातात त्या ताज्या आठवणी: सकाळी काय खाल्ले, कोण आले होते, आत्ता काय सांगितले. शेकडो वेळा करून हातात बसलेली कामे मेंदूच्या वेगळ्या भागांच्या आधाराने चालतात आणि बराच काळ टिकून राहतात. ज्याला बायकोचे नाव आठवत नाही त्याच्यापुढे भिजवलेली झावळी ठेवली तर त्याची बोटे पातीखालून पाती घेऊ लागण्याचा संभव पुष्कळ असतो. साठ वैशाख केलेले काम आहे ते. त्याला 'वादळ येणार आहे' हे सांगण्याची गरजच पडत नाही. उलट लाल इशारा ही अगदी नवी बातमी. ती पाच मिनिटांत विसरली जाते, आणि मागे उरते ती भीती. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवून पाहिल्या. चित्रफीत पाहिल्याचे आठवत नसतानाही तिने जागवलेली भावना रुग्णांच्या मनात टिकून होती. हे ध्यानात घेतले की, दिवसभर बातम्या लावून ठेवलेल्या घरात रुग्णाचा जीव का घाबरा होतो ते कळते. कशाने घाबरलो हे त्याला सांगता येत नाही आणि शेजारी बसलेल्या बायकोला ते पुसून टाकता येत नाही. मोबाइलवर इशारा पोहोचवण्याची नवी यंत्रणा २०२३ मध्ये देशभर तपासली गेली तेव्हा फोन एकाएकी कर्कश वाजले. धडधाकट माणसांसाठी ते योग्यच होते. अशा घरात त्या आवाजानंतरचा तासभर तयारीत जात नाही, समजूत घालण्यात जातो.

यावर पहिला आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. जुन्या गावाचे हे चित्र फार गोड नाही का? म्हातारपण तिथे सुखाचे होते असे कोणी सिद्ध केले आहे? कोणीही केलेले नाही, आणि जे पुरावे आहेत ते उलट बाजूचे आहेत. गोव्यात २००१ च्या सुमारास विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांशी बोलून जो अभ्यास केला, त्यात असे दिसले की स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोक ओळखतात, पण ती म्हातारपणाचा भाग समजतात. घरच्यांनी हेळसांड केली म्हणून असे झाले, असेही म्हणतात. आणि म्हाताऱ्यांची काळजी पुष्कळदा जमीनजुमल्याच्या आशेला बांधलेली असते. शेजारच्या गोव्याला लागू पडणारे हे वास्तव सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत एकदम पालटत असेल असे मानायला काही आधार नाही. शिवाय आगोटीचे कष्ट कोणाच्या पाठीवर होते ते वर आलेच आहे. एकत्र कुटुंबाची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी हेही पाहावे की कोकणातले कुटुंब मनिऑर्डरच्या काळापासून अर्धे मुंबईत आणि अर्धे गावी असेच होते. म्हणून मी आगोटीच्या बाजूने बोलतो ते त्या काळातल्या माणसांच्या चांगुलपणावर विसंबून नाही. माणसे जशी असतात तशी असतानाही ती रीत चालत असे, एवढाच माझा मुद्दा आहे. सून करवादली तरी झाप विणावेच लागत. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असले तरी सावडीला तो येई, कारण पुढच्या आठवड्यात त्याचे छप्पर व्हायचे असे. आणि या येण्याजाण्यात एक गोष्ट न ठरवता घडे: गावाला कळे की अमक्याला यंदा गाठ मारता येत नाही, तमका कोयता कुठे ठेवला ते विसरतो. दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच कामाच्या निमित्ताने शेजारी एकमेकांना पाहत. गेल्या वर्षीचा माणूस आणि यंदाचा माणूस यांतला फरक दिसून येत असे. वैद्यकीय तपासणीची जागा अशा पाहण्याने भरून निघत नाही हे खरे, पण वादळाच्या दिवशी कोणाच्या घरी आधी धावायचे हे ठरवायला ते पुरेसे होते.

आगोट कोणी ठरवून मोडली नाही. मंगळूरला बाझल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत ती चपटी, खाचेत बसणारी कौले किनाऱ्याने वर सरकत आली. नळीच्या कौलांना दर वर्षी हात लावावा लागे. मंगलोरी कौलांना तेवढा नाही. मग पत्रे आले, स्लॅब आले. गॅसने लाकूडफाट्याची रास संपवली, फ्रीजने सुकटीची गरज कमी केली, रेशन दुकानाने कणगी रिकामी केली, पुलांनी आणि रेल्वेने बाराही महिन्यांची वाट दिली. यातल्या एकाही गोष्टीला मी वाईट म्हणणार नाही. चुलीच्या धुरात डोळे गमावलेल्या बायकांना विचारल्याशिवाय तरी नाहीच. मात्र प्रत्येक बदलाबरोबर एकेक काम गळाले आणि त्या कामाबरोबर उंबरठ्यापाशी येणारे एकेक माणूस गळाले. शेवटी प्लास्टिकचा निळा कागद पडवीला ठोकणे एवढीच आगोट उरली, आणि ती एका दुपारी होते. त्याच काळात मुले पुण्या-मुंबईत स्थिरावली, आयुर्मान वाढले आणि गावच्या घरात दोन वृद्ध उरले. संरक्षण देणारी रीत विरत गेली नेमक्या त्याच वर्षांत तिची गरज असलेली घरे वाढली.

३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने हे उघडे केले. त्या वादळाचा वेळ पाहा. १ जूनला पहाटे अरबी समुद्रात ते आकार घेऊ लागले, २ जूनला दुपारी त्याला चक्रीवादळ म्हणून नाव मिळाले, आणि ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. नाव ठेवल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत जेमतेम एक दिवस. बंगालच्या उपसागरात वादळ पुष्कळदा चार-चार दिवस चालत येते. अरबी समुद्रातले वादळ किनाऱ्याजवळच उठले तर तेवढी सवड देत नाही. निरोप देणाऱ्या यंत्रणेने त्या दिवशी आपले काम केले. किनाऱ्यालगतची माणसे हलवली गेली, मृत्यू मोजकेच झाले. मग मोबाइलचे मनोरे पडले, विजेचे खांब पडले, आणि कितीतरी गावे काही आठवडे अंधारात राहिली. अकराव्या बावट्याचे ते दिवस होते. करोनाची टाळेबंदी आधीच होती, त्यामुळे मुलांनी धावत येण्याचाही मार्ग सरळ नव्हता. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, माड मुळासकट उलथले. बागायतदाराचे नुकसान मोजले गेले, त्याचे पंचनामे झाले. न मोजता येणारे एक नुकसान आणखी होते. ज्या माणसाला आपले घर कुठले हे अंगणातल्या पोफळींच्या रांगेवरून, विहिरीवरच्या सावलीवरून कळत असते, त्याच्या खुणा एका दुपारी पुसल्या जातात. जपानमध्ये इवानुमा शहरातल्या सुमारे साडेतीन हजार वृद्धांची पाहणी २०११ च्या भूकंप-त्सुनामीच्या सात महिने आधी योगायोगाने झालेली होती. अडीच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली होती त्यांची स्मृती आणि आकलन इतरांपेक्षा जास्त घसरलेले आढळले. घर माणसाला आठवायला मदत करते, असे मी त्या आकड्यांवरून समजतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आगोटीने कधी चक्रीवादळ अडवले नाही. झापाने ताशी शंभर किलोमीटरचा वारा थांबत नाही, आणि जुन्या तुफानांत माणसे गेली ती पुष्कळदा निरोप मिळाला नाही म्हणून. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये 'फायलिन' आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. हा निरोपाचा विजय आहे आणि त्यापुढे मान लववावीच लागते. बावटा उतरवा असे मी म्हणत नाही. पण 'हलवणे' हा शब्द सगळ्यांसाठी एकच अर्थ घेऊन येत नाही. अमेरिकेत कॅटरिना, रिटा, गुस्ताव्ह आणि आइक या चार वादळांच्या तोंडी सापडलेल्या शुश्रूषागृहांतल्या, तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या एकवीस हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हलवण्यामुळे पुढच्या ३० दिवसांतले मृत्यू २.८ टक्क्यांनी आणि ९० दिवसांतले ३.९ टक्क्यांनी वाढले, असे त्यात दिसले. ते रुग्ण संस्थांमधले होते, आपल्याकडचे घरात असतात, म्हणून आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे. शाळेच्या वर्गात सतरंजीवर शंभर अनोळखी माणसांमध्ये, दिवे गेलेले असताना, तिन्हीसांजेला ज्याची बेचैनी तशीही वाढते त्या माणसाला रात्र काढायला लावणे हा सुद्धा एक धोका आहे. तो 'घरी जायचंय' म्हणून उठेल आणि अंधारात चालू लागेल. बायको त्याचा हात धरून पहाटेपर्यंत जागी राहील. खाडीकाठच्या कच्च्या घरातल्यांना तरीही हलवावेच लागेल, त्यात दुमत नको. पण हलायचे तर आधी, दिवसाउजेडी, आणि ओळखीच्या घरात: बहिणीच्या, विहिणीच्या, वरच्या आळीतल्या पक्क्या घराच्या ओटीवर. अशी ओटी लाल इशारा आल्यावर शोधता येत नाही. ती वैशाखात ठरलेली असावी लागते, आणि त्या घरी दोन-चार दुपारी आधी जाऊन बसलेले असावे लागते.

अशी घरे असतात तरी किती, असे विचारणारे भेटतात. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासातून निघाला. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त. एखाद्या वाडीत साठीपुढचे दीडशे लोक असतील तर या हिशेबाने अकरा जण होतात. गावातली सगळी तान्ही मुले मोजली तरी पुष्कळदा एवढी भरत नाहीत. कायदा या माणसांना अगदी विसरलेला नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ याच्या आठव्या कलमाने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवण्याची आणि त्यांना धोक्याची सूचना मिळेल असे पाहण्याची जबाबदारी टाकली आहे. मात्र त्या कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत स्मृतिभ्रंश हे नाव नाही. 'मानसिक आजार' या व्याख्येत स्मृती आणि भान यांचा उल्लेख आहे, तेवढ्या फटीतून आत शिरावे लागते. ज्यांना निदानच झालेले नाही ते तर कुठल्याच नोंदीत येत नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात कायद्याने मदत लागणाऱ्या लोकांची वादळापूर्वीची नोंदवही ठेवतात आणि तिच्यात आकलनाच्या अडचणी असलेल्यांनाही जागा आहे. आपल्याला तेवढे दूर जायचीही गरज नाही. गोव्यात अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांत केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला: गावातलीच, थोडे प्रशिक्षण दिलेली माणसे घरी जात, सांभाळणाऱ्याशी बोलत, लहानसहान अडचणींवर वाट काढून देत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. घरी येणारे माणूस उपयोगी पडले, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो, आणि आगोटीच्या सावडीशी त्याचे नाते मला दिसते.

म्हणून आजच्या आगोटीत कौले चाळायची नसतील, पण वैशाखात सुरू होऊन मिरगापर्यंत पुरेल असे काम पुष्कळ आहे. औषधांचा महिन्याभराचा साठा आणि चिठ्ठीची प्रत डब्यात. रुग्णाला दार आतून उघडता येणार नाही अशी कडी वरच्या बाजूला, मात्र तिची माहिती शेजारी. खिशात किंवा कडदोऱ्याला नाव-गाव आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. चार्जिंगचा कंदील आधीपासून रोज संध्याकाळी लावायची सवय, म्हणजे वीज गेली तरी उजेड ओळखीचा राहील. खिडक्यांना फळ्या किंवा झाप एकदम न ठोकता एकेक करून, त्याच्यादेखत, जमले तर त्याच्याच हाताने. एका रात्रीत अंधारलेले घर त्याला परके वाटते. आणि सांभाळणारीलाच काही झाले तर कोण, या प्रश्नाचे एका नावाचे उत्तर, ते नाव असलेल्या माणसाला विचारून ठरवलेले. यातले एकही काम लाल इशाऱ्याच्या चोवीस तासांत नीट होत नाही. बायको सत्तरीची, गुडघे दुखणारी, आणि नवऱ्याला दहा मिनिटे एकटे सोडता येत नाही, अशा घरात तर नाहीच.

या सगळ्यात एक त्रुटी उरते आणि ती झाकून उपयोग नाही. आगोटीचे पंचांग एकाच दारावर पहारा देते. अरबी समुद्रातली वादळे पावसाळ्याआधी येतात तशी पावसाळ्यानंतरही येतात. 'फयान' ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकण किनाऱ्यावर आले तेव्हा झाप कधीच उतरले होते, होड्या पाण्यात होत्या, भात कापून झाले होते किंवा खळ्यात पडले होते, आणि समुद्रावर गेलेले खलाशी परतले नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडतो तो आमच्या मनातही उघडतो. मग दिवाळीच्या सुमारास कोणी छपराकडे बघत नाही. तेव्हा दुसरी एक आगोट हवी, आणि तिचा मुहूर्त कुणा कार्यालयाने पत्रक काढून ठरवावा असे मला वाटत नाही. घटस्थापनेच्या आधी कोकणातली घरे तशीही झाडून-सारवून घेतात, भांडी घासायला बाहेर काढतात, माळा रिकामा करतात. औषधांचा डबा, वरची कडी, कंदील आणि ओटी ठरलेल्या घराची एक फेरी त्या चार दिवसांत सहज बसते. त्या दिवसांत शेजारीणही दारात येऊन विचारतेच, अजून काय काय राहिले आहे.